मुरणे आणि शिळे होणे : निफाडची लाल वाइन व आपली आसवारिष्टे

चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत क्षीण होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात, आसव, धातू आणि रस मात्र जसजसे जुने होतील तसतसे गुणवान होतात, हा शार्ङ्गधराचा अभिप्राय आपणां सर्वांस भैषज्यकल्पनेच्या परीक्षेपासून मुखोद्गत आहे. परीक्षेत गुण मिळवून देणारे हे वचन व्यवहारात मात्र दोन ठिकाणी सढळपणे वापरले जाते. एक ठिकाण म्हणजे औषधी दुकानाची वरची फळी. तेथे पत्र्याखाली तीन उन्हाळे काढलेली द्राक्षासवाची बाटली ‘जुनी म्हणजे उत्तम’ या समाधानाने ग्राहकाच्या हाती दिली जाते. दुसरे ठिकाण म्हणजे निफाडसारख्या तालुक्यातील वैद्याचे चिकित्सालय. “वैद्यराज, वायनरीची लाल वाइन म्हणजे आपले द्राक्षासवच ना? मग चांगली जुनी बघून रोज थोडी घेतली तर बिघडले कुठे?” असे विचारणारा रुग्ण येथे आता नवलाचा राहिलेला नाही. तो स्वतः द्राक्षबागाईतदार असतो, वाइनच्या द्राक्षांचे सौदे त्याने केलेले असतात, आणि त्याच्या प्रश्नास ‘मद्य वर्ज्य’ एवढे त्रोटक उत्तर पुरत नाही.

या दोन्ही ठिकाणी घोळ एकाच शब्दाचा आहे. संहितांतील ‘पुराण’ हा शब्द आपण दिनदर्शिकेवर मोजतो. वस्तुतः तो द्रव्याच्या परिणतीचा वाचक आहे. लोणचे मुरते आणि भात शिळा होतो. काळ दोहोंवरून सारखाच गेलेला असतो. कोणते द्रव्य मुरेल आणि कोणते शिळे होईल हे त्याच्या घटनेवर व ते कसे ठेवले यावर ठरते. लाल वाइनच्या बाबतीत हा विचार युरोपात फार बारकाईने झालेला आहे, आणि योगायोगाने त्यातील इटालियन शाखेचे एक रोप आपल्या निफाड तालुक्यातच लागलेले आहे. म्हणून वाइनच्या निमित्ताने आसवारिष्टांचा विचार करण्याचे योजिले आहे.

निफाडची द्राक्षे, खाण्याची आणि गाळण्याची

उगाव, शिवडी, पिंपळगाव बसवंत या परिसरातील द्राक्ष म्हटले की डोळ्यांपुढे येते ते थॉमसन सीडलेस आणि त्याचे नातेवाईक. लांबट, पातळ सालीचे, बिनबियांचे, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवून फुगवलेले. मुखी गोड, पचनी हलके, निर्यातीस योग्य. वाइनकरिता मात्र हे द्राक्ष फारसे कामाचे नाही. लाल वाइनचा रंग सालीत असतो, आणि तिला ‘अंग’ देणारा तुरट अंश, म्हणजे टॅनिन, साल व बी यांत असतो. त्यामुळे वाइनला बारीक मण्यांचे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष लागते. बागाईतदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा माल दिसायला किरकोळ आणि वेलीवर कमी भरणारा. वायनरीने उचलला नाही तर तो बाजारात कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि त्याच सुमारास आपल्या तालुक्यात विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. तत्पूर्वी १९८० च्या दशकात नारायणगाव येथे आणि पिंपळगाव बसवंत येथेही फसफसत्या वाइनचे प्रयत्न झालेले होते. पुढे नाशिकच्या गंगापूर परिसरातून २००० साली सुलाची पहिली वाइन बाहेर पडली आणि लागवडीची लाट आली. २००८-०९ च्या मंदीत ती लाट ओसरली. माल पडून राहिला, थकबाकी झाली, अनेकांनी वाइनच्या वेली मुळासकट उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. हा इतिहास येथील वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. ज्याने हे सोसले त्याला वाइन ही चैनीची वस्तू वाटत नाही. त्याच्या लेखी ते शेतीचे उत्पन्न आहे, आणि त्या उत्पन्नाविषयी चिकित्सालयात बोलताना तुच्छतेचा सूर लागला तर पुढचे पथ्य तो ऐकत नाही.

इटालियन जातींचा प्रयोग झाला तो निफाडला लागून असलेल्या कुंदेवाडीस. हिवाळ्यात निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरल्याची बातमी वृत्तपत्रांत येते, ती बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदीवरून. त्याच कुंदेवाडीत व्हिंटेज वाइन्स या वायनरीने, ‘रेव्हेलो’ या नावाने, इटालियन तज्ज्ञ आंद्रेआ व्हॅलेंतिनुत्झी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोव्हेझे, नेरो दावोला आणि पांढऱ्यांपैकी ग्रिल्लो या इटालियन जातींच्या वाइन काढल्या. नेरो दावोला म्हणजे शब्दशः ‘आवोला गावचे काळे’. आवोला हे सिसिली बेटाच्या आग्नेय टोकाकडील गाव, कडक उन्हाचे. त्यामुळे ही निवड विचारपूर्वक झालेली दिसते. इकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूज येथे फ्रातेल्ली या वायनरीने तस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या हातून सांजोव्हेझे व कॅबरने सॉव्हिन्यों यांचे मिश्रण करून ओकच्या पिंपात मुरवलेली ‘सेत्ते’ ही वाइन काढली. सेत्ते म्हणजे सात, आणि फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीतील, दिल्लीतील आणि अकलूजचे अशा तीन घरांतील भावांचा तो उद्योग आहे.

नाव इटालियन, वेल इटालियन, तज्ज्ञही इटालियन. मग ही वाइन इटलीतल्यासारखी दहा-वीस वर्षे मुरेल काय? आपल्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे.

मुरण्यास काय लागते

जगात तयार होणाऱ्या वाइनपैकी बहुतांश वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपविण्याकरिताच केलेली असते, आणि ठेवली तर ती सुधारत नाही, उतरत जाते. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य थोड्याच वाइनना लागू पडते. ज्यांना लागू पडते त्यांत इटलीतील काही जाड, भरदार लाल वाइनचा समावेश होतो. पिएमाँतेची बारोलो, तस्कनीची ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो, व्हेरोना शहराजवळील व्हालपोलिचेल्ला टेकड्यांतील आमारोने. ब्रुनेल्लो ही सर्वस्वी सांजोव्हेझेची. द्राक्षे तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ती विक्रीस काढता येत नाही, आणि त्यातील निदान दोन वर्षे ती लाकडात असावी लागते, असा तेथील नियम आहे. बारोलोस किमान ३८ महिने लागतात, पैकी १८ लाकडात.

आयुर्वेदीयांना अधिक जवळची वाटावी ती आमारोने. कोर्व्हिना व तिच्या सोबतच्या जातींचे निवडक घड तोडून ते हवेशीर माळ्यावर, पूर्वी बांबूच्या ताटव्यांवर आणि आता पेट्यांत, एकेरी थरात पसरून तीन ते चार महिने सुकवितात. या काळात घडाचे वजन सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटते, साखर व आम्ल दोन्ही घट्ट होतात, आणि मग हिवाळ्यात हे अर्धवट सुकलेले द्राक्ष ठेचून सालींसकट आंबवितात. यीस्ट सर्व साखर खाऊन टाकेपर्यंत संधान चालू ठेवतात, त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण किमान १४ टक्के आणि पुष्कळदा १५-१६ टक्क्यांपर्यंत जाते. संधान मध्येच थांबवून गोडी राखली तर त्याच द्राक्षांची रेचोतो ही गोड वाइन होते. आमारोने या नावात ‘आमारो’, म्हणजे कडू, हा शब्द आहे. ती विक्रीपूर्वी किमान दोन वर्षे, रिझेर्व्हा असल्यास चार वर्षे मुरवितात, आणि चांगल्या वर्षाची बाटली पुढे वीस वर्षेही सुधारत जाते.

सुकवलेल्या द्राक्षाचे संधान! आपले द्राक्षारिष्ट याहून दूर नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. परंतु दूर नसले तरी ते तेच नव्हे. तो भेद पाहण्यापूर्वी वाइन मुरते म्हणजे काय होते ते पाहू.

नव्या जाड लाल वाइनमध्ये कषाय रस उत्कट असतो. जीभ आखडते, हिरड्या कोरड्या पडतात. हे टॅनिनचे कार्य. रंगद्रव्य जांभळे असते. काळ जातो तसे टॅनिनचे सूक्ष्म कण एकमेकांस आणि रंगद्रव्यास जोडले जाऊन मोठे होत जातात. त्यातील काही जड होऊन तळाशी साका म्हणून बसतात. जांभळा रंग माणकासारखा आणि पुढे विटकरी होतो. कषायाची धार बोथट होते, फळाचा ताजा वास मागे पडून सुका मेवा, चामडे, तंबाखू असे गंध पुढे येतात. या सर्व क्रियेस प्राणवायू लागतो, पण तो फार मंद गतीने, लाकडाच्या छिद्रांतून अथवा बुचातून झिरपणारा. एकदम भरपूर मिळाला तर वाइन मुरत नाही. ती तपकिरी पडते, निष्प्राण होते, आणि जंतुसंसर्ग झाल्यास आंबते. टॅनिन हे या लढाईतील चिलखत होय. ते प्राणवायू स्वतःवर घेते. दुसरे चिलखत आम्लाचे. वाइनचा सामू जितका कमी तितकी तीत घातलेली गंधकाम्लवायूची मात्रा परिणामकारक ठरते आणि बिघडविणारे जंतू दबून राहतात. तिसरे बळ मद्यार्काचे. ही तीन बळे असतील तरच काळ हा वाइनचा मित्र.

आता निफाडकडे वळू. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि माल पिकतो जानेवारी ते मार्चमध्ये. इटलीत द्राक्ष पिकते ते उन्हाळा उतरताना, दिवस लहान होत असताना. कुंदेवाडीत ते पिकते दिवस वाढत असताना, फेब्रुवारीच्या तापत्या दुपारी. थंड रात्री आम्ल टिकवून धरतात, पण माल महिनाभर लांबला की दुपारचे ऊन मॅलिक आम्ल जाळून टाकते, सामू वर चढतो, साखर मात्र भराभर भरते. अशा वेळी बियांतील टॅनिन पक्व होण्यापूर्वीच तोडणी करावी लागते. वाइनतज्ज्ञ मग टार्टारिक आम्ल घालून तोल साधतात, ओकच्या पिंपात काही महिने ठेवतात, आणि उत्तम वाइन काढतातही. सांजोव्हेझेचे स्वाभाविक आम्ल जास्त असते, म्हणून या हवेत तिची निवड शहाणपणाची. तरीसुद्धा नाशिक-अकलूजच्या भरदार लाल वाइन काही वर्षे मुरण्याजोग्या असतात, वीस वर्षे नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि त्याला द्राक्षापेक्षा साठवण अधिक कारणीभूत आहे. १२ ते १४ अंशांच्या तळघरात जी क्रिया दहा वर्षांत होते ती मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत एका ऋतूत होते असे नव्हे. त्या उष्णतेत भलत्याच क्रिया घडतात. कपाटात दाखवण्यापुरती ठेवलेली ‘जुनी’ वाइन ही आपल्या हवेत बहुधा शिळी वाइनच असते.

संहितांची साक्ष

नवे मद्य गुरू व दोषकर, आणि जुने लघू, दीपन, रुचकर व स्रोतोशोधक, असे चरकाने सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात सांगितले आहे. वाग्भटाचेही मत तेच. सुश्रुताने द्राक्षाच्या मद्यास, मार्द्वीकास, अविदाही व मधुरान्वयी म्हणून रक्तपित्तातही त्याज्य मानलेले नाही. वाग्भट त्यास लेखन, हृद्य, नात्युष्ण म्हणतो. ही वचने वायनरीच्या माहितीपत्रकांत आढळली तर आश्चर्य वाटू नये. परंतु त्याच चरकाने मदात्ययाच्या अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध मांडले आहेत, हे माहितीपत्रकात येत नाही. एका ग्रंथातील सत्ताविसावा अध्याय घ्यावयाचा आणि चिकित्सास्थानातील चोविसावा सोडावयाचा, ही वाचनाची रीत नव्हे.

शिवाय संहितेतील जुन्याचे गुणवर्णन हे परिणत मद्याचे आहे. नवे मद्य गुरू का? कारण त्यात न पचलेला किण्वांश असतो, साका तरंगत असतो, कषाय व अम्ल रस उग्र असतात. जुन्यात हे बसते, निवळते. लघुत्व येते ते यातून. जे मद्य बिघडून आंबले त्यास शार्ङ्गधर जुने मद्य म्हणत नाही, शुक्त म्हणतो. म्हणजे काळाच्या त्याच वाटेवर दोन मुक्काम आहेत आणि शास्त्राने त्यांना दोन नावे दिलेली आहेत.

द्राक्षारिष्ट आणि वाइन

शार्ङ्गधराच्या द्राक्षारिष्टात द्राक्षे अर्धी तुला, म्हणजे ५० पल, आणि गूळ दोन तुला, म्हणजे २०० पल. द्राक्षाच्या चौपट गूळ! त्यावर त्वक्, एला, पत्र, नागकेशर, प्रियंगू, मरिच, पिप्पली व विडंग यांचा प्रक्षेप. अर्थात यातील मद्यार्क बव्हंशी गुळाचा आहे, द्राक्षाचा नव्हे. द्राक्ष येथे औषधी क्वाथ म्हणून आले आहे आणि संधान हे त्या क्वाथाचे वाहन आहे. वाइनमध्ये द्राक्षाखेरीज साखर नाही, आमारोनेमध्ये ती सर्व संपविलेली असते. अरिष्टात साखर शिल्लक राहणे हेच अभिप्रेत असते. टॅनिन अरिष्टात येते ते द्राक्षाच्या सालीतून थोडे आणि प्रचलित पाठांतील धायटीच्या फुलांतून पुष्कळ. धायटी संधानास चालना देते एवढेच आपण शिकवितो. तिचा कषाय अंश आसवाच्या टिकाऊपणास हातभार लावतो, हे वाइनच्या अभ्यासावरून अधिक स्पष्ट होते. जुनी, किडकी, रंग उडालेली धायटी वापरणाऱ्या फार्मसीने याचा विचार करावा.

रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अखेरीस मात्रेत आहे, आणि ते आकड्यांत सांगितलेले त्यास पटते. द्राक्षासवाची २० मिलि मात्रा, मद्यार्क ८ टक्के धरला तर, सुमारे सव्वा ग्रॅम शुद्ध मद्यार्क देते, तोही समभाग जलासह, भोजनोत्तर. वाइनचा १५० मिलिचा एक पेला, साडेतेरा टक्के धरला तर, सुमारे १६ ग्रॅम देतो. म्हणजे एका पेल्यात द्राक्षासवाच्या बारा-तेरा मात्रा. वाइन कितीही मुरली तरी हा आकडा कमी होत नाही. मुरल्याने टॅनिन मऊ होते, मद्यार्क नव्हे. फ्रेंच लोकांच्या हृदयरोगाविषयीची १९९० च्या दशकातील चर्चा आणि रेस्व्हेराट्रॉलचे कौतुक आपल्या रुग्णांपर्यंत वर्तमानपत्रांतून पोहोचलेले आहे. लाल वाइनमध्ये ते लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते हे पोहोचलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही अशी भूमिका प्रसिद्ध केली आहे, आणि मद्ययुक्त पेये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ पासूनच आहेत. यकृत्-विकार, पांडू, अम्लपित्त, उच्च रक्तदाब यांचा रुग्ण ‘हृद्य’ म्हणून रोज वाइन घेत असेल तर वैद्याने हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. आसवारिष्टे देतानाही यकृत्-विकारात व मद्यमुक्तीनंतरच्या रुग्णांत सावधगिरी हवी, हे ओघाने आलेच.

श्वास व कास यांच्या बाबतीत एक विशेष. द्राक्षारिष्ट हे उरःक्षत, क्षय, कास, श्वास यांवरील औषध. त्याच समजुतीने दम्याचा रुग्ण लाल वाइन ‘छातीला चांगली’ म्हणून घेतो. वाइनमध्ये टिकाऊपणासाठी सल्फाइट असते, बाटलीच्या लेबलावर तसे छापलेले असते, आणि काही दमेकऱ्यांत त्यानेच श्वासवेग उठतो. कासश्वासावरील औषधाचा भाऊ म्हणून घेतलेली वस्तू श्वासाचे कारण ठरते.

फार्मसीधारकांसाठी

सल्फाइटचा विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते. बाजारात मिळणारा पिवळा-हिरवा चकचकीत बेदाणा रंग टिकावा म्हणून अनेकदा गंधकाची धुरी दिलेला असतो. तो दिसतो सुंदर, पण गंधकाचा अंश यीस्टला मारक. अशा बेदाण्याचे संधान उशिरा लागते किंवा अर्धवट राहते, आणि दमेकऱ्यास द्यावयाच्या औषधात नको ते द्रव्य जाते. द्राक्षासव-द्राक्षारिष्टासाठी बियांची काळी मनुका, धुरी न दिलेली, खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी. आपल्या तालुक्यात बेदाणा शेड आहेत. उत्पादकाकडे प्रत्यक्ष जाऊन विचारता येते, ही सोय इतर गावच्या फार्मसीला नाही.

दुसरी अडचण निफाडच्या थंडीची. डिसेंबर-जानेवारीत संधान घातले की रात्रीच्या गारठ्याने यीस्ट मंदावते. भांड्याला कान लावला तर आवाज येत नाही, जळती काडी आत धरली तर विझत नाही, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसलेली दिसतात. लक्षणे सगळी संधान पूर्ण झाल्याची. वास्तविक ते झोपलेले असते. गाळून बाटल्या भरल्या की मार्चच्या उन्हाबरोबर बाटलीत पुन्हा जागे होते, झाकणे उडतात, बाटल्या फुटतात, आणि मग ‘धायटी जास्त झाली’ म्हणून दोष दिला जातो. पूर्वीच्या वैद्यांनी संधानपात्र धान्याच्या राशीत अथवा भूमीत ठेवण्यास सांगितले ते तापमान समान राहावे म्हणून. ज्यांना धान्यरास शक्य नाही त्यांनी संधानकक्ष उबदार ठेवावा, आणि पूर्णता ठरविताना शास्त्रोक्त लक्षणांच्या जोडीस हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व ओळीने काही दिवस मोजावे. ते स्थिर झाले, आणि नमुना उबेत ठेवूनही स्थिर राहिले, तरच गाळावे. वायनरीत हे काम रोज होते. आपल्याकडेही काही फार्मसींत होते, सर्वत्र होत नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. जुन्या द्राक्षासवाचा गडद तपकिरी रंग पाहून ‘छान मुरले’ असे म्हणण्याचा मोह होतो. अरिष्टात साखर व आम्ल दोन्ही असतात, आणि उष्णतेत त्यांच्यापासून हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युराल हे द्रव्य व तपकिरी रंग तयार होतो. उन्हात ठेवलेले नवे आसवही असे ‘जुने’ दिसू शकते. म्हणून रंगावरून वय ठरवू नये. तळाचा थोडा साका हा दोष नव्हे, तो औषधी अंशाचा व टॅनिनचा असू शकतो. परंतु पृष्ठभागावर पांढरी साय, उघडताच जोराचा वायू, शिरक्यासारखा वास, यांपैकी काही आढळले तर ते शुक्ताकडे गेले असे समजून ती बाटली विकू नये.

कायद्याविषयी थोडेच. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१-ब नुसार आसवारिष्टांस १० वर्षांची मर्यादा आहे. ‘आसवे जुनी होतील तितकी चांगली’ हे वचन निरीक्षकापुढे चालत नाही, आणि चालू नयेही, कारण ते वचन घृतलिप्त पात्रातील, राशीत ठेवलेल्या आसवासंबंधी आहे, दुकानाच्या काचेमागील प्लास्टिकच्या बाटलीसंबंधी नव्हे. महाद्राक्षासवासारख्या अधिक मद्यार्काच्या कल्पास १२० मिलिपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. तो नियम का आहे हे आपल्या परिसरात समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक सूचना वायनरीच्या लेबलावरून सुचली. वाइनच्या बाटलीवर द्राक्षे कोणत्या वर्षाची ते छापतात, बाटली भरल्याची तारीख वेगळी. आपल्या बाटलीवर केवळ निर्मितीची तारीख असते, आणि ती संधान घातल्याची, गाळल्याची की बाटली भरल्याची, हे फार्मसीगणिक बदलते. प्रत्येक घाणीच्या नोंदवहीत मनुका कोणत्या हंगामाची, संधान कोणत्या तारखेस घातले, कोणत्या तारखेस गाळले, मोठ्या भांड्यात किती महिने ठेवले आणि बाटलीत कधी भरले, एवढे पाच रकाने घातले, आणि प्रत्येक घाणीतील चार बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी राखून दरवर्षी एक उघडून रस, गंध, सामू व मद्यार्क यांची नोंद केली, तर पाच वर्षांत निफाडच्या हवेत आसव खरोखर कधीपर्यंत मुरते आणि कधीपासून शिळे होते याची माहिती आपल्याच हाती येईल. ज्या फार्मसीधारकांनी अशा नोंदी यापूर्वीच ठेवल्या असतील त्यांनी त्या या पत्रिकेकडे पाठवाव्यात.